खाडीचा फोटो कृष्णधवल केला की निर्जीव का वाटतो? आकाश, पाणी आणि चिखल वेगळे कसे काढायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वाशीला सागर विहारवरून संध्याकाळी ओहोटीच्या वेळी फोटो काढलेत. समोर खाडी, एका बाजूला पूल, पुढ्यात तिवरं आणि चिखल. रंगीत फोटो बरा दिसतो, पण लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ब्लॅक अँड व्हाइट केला की आकाश पांढरट आणि बाकी सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं. आकाश गडद व्हावं म्हणून निळा स्लायडर खाली ओढला तर डाग आणि दाणे दिसतात, आणि पुलाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. बारा बाय अठराची प्रिंट काढायची आहे. काय चुकतंय?

यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक, फोटोतल्या वस्तूंचे रंग वेगळे असले तरी त्यांचा उजेड सारखाच आहे, त्यामुळे रंग काढल्यावर त्या एकमेकींत मिसळतात. दोन, आकाशाला मुळात पुरेसा रंगच नाही, म्हणून रंगाचे स्लायडर त्याच्यावर चालत नाहीत. तीन, न चालणारा स्लायडर जोर लावून ओढल्यामुळे फाइल फाटते, म्हणजे डाग, दाणे आणि रेघा वर येतात. उपाय तिन्हींचे वेगवेगळे आहेत. एकच प्रीसेट (तयार सेटिंग) लावून तिन्ही सुटत नाहीत.

काही गोष्टी तुमच्या फाइलवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल) आहे की जेपेग (आकुंचित केलेली नेहमीची फाइल)? रॉ फाइलमध्ये बहुतेक कॅमेरे प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा) १२ किंवा १४ बिट देतात, म्हणजे ४,०९६ ते १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये फक्त २५६. शिवाय जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी रिझोल्यूशनने साठवलेली असते. रंगीत फोटोत ते डोळ्याला कळत नाही, पण रंगाच्या आधारे टोन (उजळ-गडदपणाची पातळी) हलवायला गेलं की चौकोनी ठोकळे वर येतात. खाली जे आकडे देतो ते रॉ गृहीत धरून. जेपेगच असेल तर स्लायडरचे आकडे निम्मे धरा आणि जास्त काम मास्कने (ठरावीक भाग निवडून फक्त त्यावर बदल करण्याची सोय) करा.

आता मूळ मुद्दा. फोटोवर कर्सर नेऊन लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाचा. समजा तिवराच्या पानांवर ९२, १०४, ७० असे आकडे आले आणि शेजारच्या चिखलावर ११८, ९८, ८०. एक हिरवट, दुसरा तपकिरी, डोळ्याला फरक स्पष्ट आहे. उजेड मोजण्याच्या प्रचलित सूत्रात हिरव्याला सुमारे ७१.५ टक्के, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७ टक्के वजन असतं. त्या हिशेबाने पानं येतात ९९ आणि चिखल १०१. दोन पायऱ्यांचा फरक. म्हणजे रंग काढला की तिवर आणि चिखल एकच. नुसतं सॅच्युरेशन शून्य करणं किंवा मोबाइलवर ‘मोनो’ फिल्टर मारणं यात नेमकं हेच होतं.

आता तोच हिशेब लालला १४० टक्के आणि हिरव्याला उणे ४० टक्के वजन देऊन करा. पानं ८७ वर जातात, चिखल १२६ वर. एकोणचाळीस पायऱ्या. पानं गडद, चिखल चमकता, मध्ये स्पष्ट सीमा. फोटोत काहीही नवीन आलेलं नाही, आधीपासून असलेला रंगाचा फरक आपण टोनच्या फरकात उतरवला.

आता तेच वजन आकाशाला लावून पाहा. धुरकट संध्याकाळी आकाशाचे आकडे साधारण १६८, १७२, १७८ असे असतात. आधीच्या सूत्राने १७२, नव्या वजनाने १६६. जवळपास हललंच नाही. हेच ऑक्टोबरातलं दुपारचं निळं आकाश असतं, समजा ९५, १४०, १९५, तर १३४ वरून थेट ७७ वर आलं असतं. खोल काळ्या आकाशाचे जे फोटो बघून आपण निळा स्लायडर ओढायला जातो, ते अशा निळ्या आकाशाचे असतात. आपल्याकडे हिवाळ्यातल्या किंवा उन्हाळ्यातल्या संध्याकाळी खाडीवर धुरकट थर असतो, त्याला रंग नाही. जिथे रंगाचा फरक नाही तिथे रंगाचा स्लायडर काही करू शकत नाही. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवलीत तर पुढचं बरंचसं आपोआप कळेल.

म्हणून मी कुठलाही स्लायडर हलवण्याआधी फोटोचे चार-पाच मोठे भाग मनात वेगळे करतो: आकाश, पाणी, चिखल, तिवर, पूल. आणि कोणता सर्वांत उजळ, कोणता सर्वांत गडद, हा क्रम ठरवतो. कागदावर लिहिलात तरी चालेल. नियम इतकाच, की एकमेकांना चिकटून असलेले दोन भाग सारख्या टोनचे नकोत. दूर असलेले असले तरी हरकत नाही. तुमच्या फ्रेमसाठी मी असा क्रम धरेन: ओल्या चिखलावरची चमक सर्वांत उजळ, मग पाणी, मग आकाश, मग पूल, आणि तिवर सर्वांत गडद. आकाश पाण्यापेक्षा गडद ठेवल्यामुळे नजर वर निसटत नाही, खाली पाण्यावर राहते. पावसाळी ढग असलेल्या फोटोत मी उलट करतो, कारण तिथे ढग हाच विषय असतो. यात बरोबर-चूक असं नाही, पण ठरवलेलं हवं. न ठरवता स्लायडर हलवत बसलं की अर्ध्या तासाने सुरुवातीला होतो तिथेच परत येतो.

क्रम ठरला की रंगीत अवस्थेतच पाया नीट करून घ्या. लेन्स प्रोफाइल लावा आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन (कडांवर लेन्समुळे येणारी रंगीत किनार) काढून टाका. तुमच्या पुलाच्या कडेच्या पांढऱ्या रेघेचं निम्मं कारण तिथेच आहे. मग क्षितिज. खाडीत खरं क्षितिज क्वचितच मिळतं, दिसतो तो पलीकडचा काठ. तो आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर फोटोत उतरता दिसतो आणि त्यालाच आडवं समजून फिरवलं की पूल कलतो. काठावर विसंबू नका. पुलाचे खांब, दिव्याचे खांब उभे आहेत का ते बघा. त्याहून खात्रीची खूण म्हणजे प्रतिबिंब: पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली पडतं. खांबाचा किंवा नांगरलेल्या होडीचा एक ठळक बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब जोडणारी रेघ उभी आली की फोटो सरळ झाला. हे फ्रेमच्या मध्याजवळच्या वस्तूवर तपासा, कडेला लेन्सचा कल मिसळतो.

सेन्सरवरची धूळ याच टप्प्यावर काढा. एफ १६ किंवा त्यापुढे, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, काढलेल्या फोटोत मोकळ्या आकाशात ती हमखास असते. लाइटरूममध्ये हीलिंग टूल उघडल्यावर ‘व्हिज्युअलाइज स्पॉट्स’ चालू करा, डाग पांढऱ्या कड्यांसारखे दिसतात. डीहेज (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) वापरल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी लागते, कारण आधी न दिसणारे डागही मग वर येतात. आणि कलर नॉइज रिडक्शन (रंगाचे विस्कटलेले दाणे, म्हणजे नॉइज, कमी करणारा स्लायडर) आत्ताच थोडं वाढवून ठेवा, २५ वरून ४० ते ५० पर्यंत. कृष्णधवल फोटोत रंगाच्या नॉइजचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तोच तुमच्या डागांचं मूळ आहे.

स्लायडरमागे काय घडतं ते सांगतो. ब्लॅक अँड व्हाइट मिक्सचे आठ स्लायडर रंगछटेनुसार काम करतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, अ‍ॅक्वा, निळा, जांभळा, मॅजेंटा. ठळक निळ्या आकाशात सगळे पिक्सेल निळेच असतात, सगळे एकत्र गडद होतात. धुरकट आकाशात रंग इतका पुसट असतो की नॉइजमुळे एक पिक्सेल निळ्याकडे, शेजारचा अ‍ॅक्वाकडे, तिसरा जांभळ्याकडे झुकतो. तुम्ही निळा उणे ८० केला की पहिला खाली जातो, बाकीचे जागेवर राहतात. जो रंगाचा नॉइज डोळ्याला दिसतही नव्हता, तो उजेडाचा नॉइज होऊन समोर येतो. पांढऱ्या रेघेचंही तसंच. पुलाच्या कडेवर आकाशाचा निळा आणि काँक्रीटचा राखाडी मिसळतात, तिथला रंग आणखी पुसट होतो, त्या पट्ट्यावर स्लायडर चालत नाही. आकाश गडद झालं, पट्टा मूळच्या उजेडाचा राहिला, रेघ दिसली.

म्हणून तीन पथ्यं पाळा. निळ्याला एकट्याला हलवू नका. अ‍ॅक्वा, निळा, जांभळा एकत्र हलवा, म्हणजे निळा उणे ३० असेल तर दोन्ही बाजूंचे उणे २० ते २५. उणे ३५-४० च्या पुढे जाऊ नका. आणि प्रत्येक बदलानंतर फोटो शंभर टक्के मोठा करून आकाश आणि पुलाची कड बघा. पूर्ण स्क्रीनवर बसवलेल्या फोटोत हे डाग लपतात आणि मग प्रिंटमध्ये भेटतात.

याच ठिकाणी व्हाइट बॅलन्सचा उपयोग होतो, आणि तो फार कमी लोक करतात. मिक्सच्या आधी व्हाइट बॅलन्स लागतो. तो थंड केलात, समजा ५,४०० वरून ४,५०० केल्व्हिनपर्यंत खाली आणलात, तर राखाडी आकाश निळ्याकडे सरकतं आणि खाडीचं गढूळ पाणी व चिखल मात्र नारिंगी-पिवळ्यातच राहतात, कारण त्यांचा तपकिरी रंग जास्त पक्का असतो. म्हणजे एकत्र गुंतलेले दोन भाग वेगवेगळ्या स्लायडरखाली येतात. रंगीत फोटो विचित्र दिसेल, दिसू द्या, तो कुणाला दाखवायचा नाही. फार खाली गेलात तर चिखलही निळसर होतो आणि निळ्या चॅनलचा दाणा वाढतो, तेव्हा हिस्टोग्रामपेक्षा (टोनच्या आलेखापेक्षा) फोटोकडे बघत थांबायचं ठरवा.

आपल्या खाडीबद्दल आणखी एक. समुद्राच्या फोटोंवरचे बहुतेक धडे निळ्या-हिरव्या पाण्यासाठी लिहिलेले असतात. पाणी उजळ करायला अ‍ॅक्वा वाढवा, असं त्यात सांगितलेलं असतं. तारकर्लीच्या पाण्याला ते लागू पडेल. ठाण्याच्या खाडीचं पाणी गाळाचं आहे. इथे पाण्याचा स्लायडर नारिंगी आणि पिवळा. नारिंगी अधिक १५ ते २५, पिवळा अधिक १० ते १५ केलात की पाणी आणि चिखल उचलले जातात. तिवराचा हिरवा, त्यातही पिवळसर हिरवा, पिवळ्या स्लायडरखाली अर्धवट येतो, म्हणून पिवळा फार वाढवू नका, हिरवा उणे २० ते ३० करा. कुठला भाग कुठल्या स्लायडरखाली येतोय हे कळत नसेल तर मिक्स पॅनलमधलं गोल टार्गेट टूल घ्या, त्या भागावर दाबून वर-खाली ओढा, संबंधित स्लायडर आपोआप हलतात. फ्लेमिंगो फ्रेममध्ये असतील तर लाल आणि मॅजेंटा थोडे वर घ्या. त्यांचा फिकट गुलाबी चिखलाच्या राखाडीत सहज विरघळतो, आणि लाल-मॅजेंटा वर घेतल्यावर चिखलाला फारसा धक्का न लागता पक्षी उठून दिसतात.

पण सूर्यास्तानंतरचा फोटो असेल, आकाश केशरी आणि पाण्यात त्याचंच प्रतिबिंब, तर हे सगळं अपुरं पडतं. पाण्याने आकाशाचाच रंग घेतलेला असतो, नारिंगी हलवला की दोन्ही एकत्र हलतात. तिथे मिक्स जवळजवळ शून्यावर ठेवून थेट मास्ककडे जावं.

मास्कने वेगळं करणं म्हणजे फसवणूक, असं काही जणांना वाटतं, म्हणून थोडं विषयांतर. आकाश पांढरं पडण्याचा त्रास फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८५० च्या दशकातल्या ओल्या कोलोडियन काचा (तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह) मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या, त्यामुळे समुद्राला पुरेल इतका प्रकाश दिला की आकाश पूर्ण जळायचं, म्हणजे कोरं पांढरं व्हायचं. फ्रान्सचे ग्यूस्ताव ल ग्रे यांनी आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी एक अशा दोन निगेटिव्ह वापरून एक प्रिंट बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचे सागरचित्रांचे प्रिंट त्यामुळेच गाजले. आपण एकाच रॉ फाइलमधल्या दोन भागांना वेगळं वागवतो, ते त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे.

आकाशासाठी लिनिअर ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा मास्क) वरून खाली ओढा, त्याचा शेवट पलीकडच्या काठाच्या किंचित खाली येऊ द्या. एक्स्पोजर उणे ०.४ ते ०.७, हायलाइट उणे २० ते ३०. पूल ग्रेडियंटमध्ये सापडून काळा पडत असेल तर ल्युमिनन्स रेंजने मास्क फक्त उजळ भागापुरता ठेवा. ‘सिलेक्ट स्काय’ झटपट काम करतं, पण तिवराच्या फांद्यांमधून दिसणारं आकाश ते बरेचदा सोडून देतं, आणि मग झाडाभोवती उजळ झालर दिसते. अशा वेळी दोन्ही मास्क एकत्र वापरण्यापेक्षा ग्रेडियंट आणि ल्युमिनन्स रेंज हीच जोडी मला विश्वासाची वाटते. पाण्यावर वेगळा मास्क लावा, त्यात एक्स्पोजर अधिक ०.२ ते ०.३ पुरे. पाण्यावरचा प्रकाशाचा पट्टा असेल तर त्यावर लांबट रेडियल मास्क, फेदर (कडेचा मऊपणा) ८० च्या पुढे.

क्लॅरिटी (मधल्या टोनचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर) आणि डीहेज यांनी खाडीच्या फोटोंचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. पूर्ण फोटोवर क्लॅरिटी ४० दिली की पुलाच्या आणि काठाच्या बाजूने आकाशात उजळ पट्टा येतो आणि चिखल सुकलेला दिसतो. ओल्या चिखलाचं सौंदर्य त्याच्या गुळगुळीत चमकेत आहे. क्लॅरिटी हवीच असेल तर फक्त पुलावर आणि तिवराच्या मुळांवर, १५ ते २०. पाण्यावर उलट उणे १० द्या, पाणी शांत होतं. डीहेज फक्त आकाशात, १० ते २० पर्यंत. आणि पलीकडचा काठ धुक्यात राहू द्या. दूरचं फिकट आणि जवळचं गडद यामुळेच खाडी रुंद वाटते. तो काठ जवळच्या तिवराइतका काळा केलात की खाडी नाल्याएवढी दिसू लागते.

इथवर झालं की फोटो बहुतेक उभा राहिलेला असतो. आता बारीक काम, डॉज अँड बर्न, म्हणजे ठिकठिकाणी हाताने उजळ-गडद करणं. फोटोशॉपमध्ये पन्नास टक्के राखाडीने भरलेला लेयर घ्या, ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट, मऊ ब्रश, फ्लो ३ ते ५ टक्के, पांढऱ्याने उजळ आणि काळ्याने गडद. सुरुवातीला काही झाल्यासारखं वाटत नाही, आणि वाटत नाही हेच बरोबर आहे. चिखलातल्या पाण्याच्या ओहळांवर दोन-चार हात फिरवले की ते नजरेला पुलाकडे नेतात. फ्रेमच्या कडेला जिथे जिथे उजळ ठिपका आहे, प्लास्टिकची पिशवी, ओला दगड, तो दाबा. काम झाल्यावर फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा. त्या आकारात तुम्ही ठरवलेला क्रम वाचता आला पाहिजे. येत नसेल तर बारीक काम थांबवून मिक्सकडे परत जा.

ब्लॅक पॉइंट आणि व्हाइट पॉइंट मी शेवटी ठरवतो. ऑल्ट दाबून ब्लॅक्सचा स्लायडर हलवला की कुठे पूर्ण काळं होतंय ते दिसतं. तिवराच्या बुंध्याशी दोन-चार ठिकाणी झालं तर चालेल, सबंध झाड नको. उजळ बाजूला सूर्याची थेट चमक जळली तरी हरकत नाही, पण ढग किंवा ओला चिखल सलग पांढरा व्हायला नको, प्रिंटमध्ये तिथे कोरा कागद दिसतो. सपाट आकाशात पट्टे दिसत असतील तर फाइल १६ बिटमध्ये आहे ना ते बघा आणि १५ ते २० इतकं ग्रेन (कृत्रिम दाणा) द्या. ग्रेनमुळे पायऱ्या मोडतात.

ज्या वाचकांकडे लाइटरूम नाही त्यांच्यासाठी: डार्कटेबल मोफत आहे, त्यात ‘कलर कॅलिब्रेशन’ मॉड्यूलच्या ग्रे टॅबमध्ये लाल, हिरवा, निळा यांची वजनं थेट देता येतात. गिंपमध्ये ‘मोनो मिक्सर’ तेच करतो. वर केलेला १४० आणि उणे ४० चा प्रयोग तिथे जसाच्या तसा करून बघा, बेरीज १०० ठेवली की एकूण उजेड साधारण जागेवर राहतो. चॅनल मिक्सर रंगछटेनुसार निवड करत नाही, सगळ्या पिक्सेलना एकच गणित लावतो, म्हणून आठ स्लायडरपेक्षा त्याने आकाशात डाग कमी पडतात. ज्या फाइलमध्ये निळा स्लायडर फाटतो तिथे मी फोटोशॉपमध्येही चॅनल मिक्सरच घेतो.

आता एडिटिंगच्या आधीची गोष्ट, कारण तुमचा पुढचा फोटो यावर ठरेल. संध्याकाळी चिखल मिळणार की पाणी, हे तिथीवरून कळतं. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास भरती, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी, आणि तीही उधाणाची, त्यामुळे चिखल दूरवर उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, पण सूर्यास्ताला खाडी भरलेली मिळते. खाडीच्या आतल्या भागात, ऐरोलीकडे वगैरे, भरती मुंबई बंदरापेक्षा थोडी उशिरा पोचते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून बघा, हा हिशेब फक्त दिवस निवडायला. आणखी एक, नवी मुंबईच्या काठावरून खाडी पश्चिमेला आहे, म्हणून सूर्यास्त पाण्यावर मिळतो. ठाण्यात कोपरीच्या बाजूने बघाल तर खाडी पूर्वेला, तिथे सकाळ साधा.

कृष्णधवलसाठी मला विचाराल तर ओहोटीत चिखल नुकताच उघडा पडून ओला असतानाची वेळ सर्वांत श्रीमंत. सुकू लागलेला चिखल प्रकाश परावर्तित करत नाही, सगळा एका टोनचा होतो आणि तिथे एडिटिंगमध्ये फारसं काही करता येत नाही. पण ओला चिखल खोल असतो, काठ सोडून त्यात उतरू नका.

लाँग एक्स्पोजर करणार असाल तर खाडी आणि समुद्र वेगळे वागतात. समुद्रावर लाटा असतात, ३० सेकंदांत त्यांचं धुकं होतं आणि दगडांभोवती छान दिसतं. खाडीत लाट नगण्य, प्रवाह जास्त. ३० सेकंद दिलेत तर पाणी कोऱ्या पत्र्यासारखं सपाट होतं आणि टोन वेगळे करायला काही उरत नाही. शिवाय नांगरलेल्या होड्या हलतात आणि पुसट होतात. इथे अर्धा ते दोन सेकंद पुरतात, प्रवाहाच्या रेषा टिकतात. त्यासाठी सहा स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर, प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) बस झाला, कारण १/३० सेकंदाचं एक्स्पोजर त्याने साधारण दोन सेकंदांवर जातं. दहा स्टॉपने तेच ३४ सेकंद होईल. ढग वेगाने सरकत असतील तेव्हाच दहा स्टॉपचा विचार करा. गडद फिल्टरने फोटोवर रंगाची झाक येते. कृष्णधवल करायचंय म्हणून ती तशीच सोडू नका, आधी व्हाइट बॅलन्सने काढा, नाहीतर मिक्सचे सगळे स्लायडर चुकीच्या भागांवर लागतात.

शेवटी तुमची प्रिंट. १२ बाय १८ इंच, ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलची फाइल ६,००० बाय ४,००० असते, म्हणजे थोडं क्रॉप करूनही पुरते. प्रिंट काळपट आली ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि तिचं कारण बहुधा मॉनिटर फार उजळ असणं. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण असेल तर ती निम्म्याच्या आसपास आणा, पांढरा कागद शेजारी धरून पडद्यावरचा पांढरा त्याच्याशी जुळतोय का बघा, आणि मग पुन्हा एकदा सावल्या तपासा. मॅट कागदावर काळा तितका खोल येत नाही, तिवराचे बारीक टोन एकत्र होतात. त्यासाठी शॅडो ८ ते १० ने उचलून वेगळी फाइल करा. बरायटा किंवा लस्टर अशा चमक असलेल्या कागदावर त्याची गरज सहसा पडत नाही.

लॅबला देताना विचारा की प्रिंट इंकजेटवर होणार की रंगीत फोटो पेपरवर. रंगीत फोटो पेपरवर कृष्णधवल प्रिंटला हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते, कारण राखाडी तीन रंगांतून तयार होतो. एकापेक्षा जास्त काळ्या-राखाडी शाया असलेल्या इंकजेटवर हा त्रास कमी. पूर्ण प्रिंटच्या आधी त्याच कागदावर चार बाय सहाचा एक तुकडा काढून घ्या. पूर्ण फोटो लहान करून छापू नका, मूळ आकारातला असा भाग निवडा ज्यात आकाश, पुलाची कड आणि तिवर तिन्ही येतात. तो ट्यूबलाइटखाली बघा आणि दिवसा खिडकीशी नेऊन बघा. तिवराच्या आत काही दिसत नसेल तर शॅडो आणखी ५ ने वाढवा, पुलाच्या कडेला रेघ दिसत असेल तर मिक्सवर परत जाऊन निळ्या बाजूचे तिन्ही स्लायडर १० ने सैल करा आणि तेवढा गडदपणा ग्रेडियंटमधून भरून काढा.